स्पीड टेस्ट म्हणते ९६, मग फाईल ३ च्याच वेगाने का जाते?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोललेलं थोडं नीटनेटकं केलंय, पण कबुलीजबाब तसाच ठेवलाय. हो, आज कबुलीजबाब आहे.

तुमच्यापैकी काही जण दर महिन्याला आपल्या पॉडकास्टसाठी थोडे पैसे पाठवता. त्यातले काही मी तीन महिने वाया घालवले. कसे, ते सांगतो.

प्रत्येक भागाचं मूळ रेकॉर्डिंग मी अमेरिकेतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतो. फाईल साधारण १.२ जीबीची. पुण्यात घरी १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. म्हणजे दोन-तीन मिनिटांचं काम. पण लागायची जवळजवळ ५३ मिनिटं! वेग फक्त ३ एमबीपीएस. आणि स्पीड टेस्ट लावली की ऐटीत ९६.

मग मी सगळे करतात तेच केलं. १०० चा प्लॅन २०० चा केला. स्पीड टेस्टमध्ये १९० दिसू लागले, फाईलला मात्र तीच ५३ मिनिटं. मग तक्रार. कनेक्शनवाला दादा तीनदा आला, राउटरही बदलून गेला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "सर, लाईन ओके आहे, टेस्ट बघा ना." मी त्याच्यावर आवाज चढवला.

पोच आली तरच पुढचं पाकीट

इंटरनेटवर फाईल एकदम जात नाही. तिचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. समोरचा प्रत्येक पॅकेट मिळाल्याची पोच देतो. पाठवणारा सुरुवातीला साधारण १० पॅकेट सोडतो, पोच आली की २०, मग ४०. पोच यायच्या आधी एकाच वेळी वाटेवर किती पॅकेट ठेवायची, या मर्यादेला 'कंजेशन विंडो' म्हणतात. एखादं पॅकेट हरवलं, की पाठवणारा समजतो पुढे वाहतूक तुंबलीय. तो लगेच विंडो कमी करतो आणि मग हळूहळू वाढवतो. जुन्या 'रेनो' पद्धतीत विंडो निम्मी होते, आज लिनक्सवर सर्रास असलेल्या 'क्यूबिक' पद्धतीत ७० टक्क्यांवर येते. याला म्हणतात कंजेशन कंट्रोल.

हे आलं कुठून? ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून थेट ४० बिटवर कोसळला. अंतर किती? जेमतेम ४०० यार्ड! सगळे जण हरवलेली पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवून गर्दी आणखी वाढवत होते. व्हॅन जेकबसन आणि माईक कॅरल्स यांनी यावर उपाय शोधला, आणि जेकबसनचा प्रसिद्ध शोधनिबंध १९८८ मध्ये आला. त्यात गृहीत धरलेली गोष्ट एकच: पॅकेट हरवलं म्हणजे गर्दी झाली.

बहुतेक वेळा हे खरंच असतं. माझ्या घरी ते खोटं होतं.

प्लॅन या हिशेबातच नाही

रेनोसाठी १९९७ मध्ये मांडलेलं एक सोपं सूत्र आहे. एका कनेक्शनचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पोच यायला लागणारा वेळ आणि गळती. समजा, १,००० पॅकेटमागे १ हरवतंय. सर्व्हर मुंबईत असेल आणि पोच १० मिलिसेकंदांत येत असेल, तर वेग साधारण ४५ एमबीपीएस. सर्व्हर अमेरिकेत असेल आणि पोच २२० मिलिसेकंदांनी येत असेल, तर तीच गळती वेग २ एमबीपीएसवर आणते. लांबच्या वाटेवर क्यूबिक जरा सरस ठरतं, म्हणून मला ३ मिळत होते.

आता बघा, या हिशेबात प्लॅन कुठे आहे? कुठेच नाही. म्हणून २०० घेऊनही काही हललं नाही.

मग स्पीड टेस्ट खोटी? नाही. ती जवळचा सर्व्हर निवडते आणि बहुधा एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते. एकाचं पॅकेट हरवलं तर तेवढंच मंदावतं, बाकीची पळत राहतात.

मी कसं शोधलं

पहिलं, 'पिंग' करून पोचेचा वेळ पाहिला: २२० मिलिसेकंद.

दुसरं, 'आयपर्फ' नावाच्या मोफत साधनाने आधी एक कनेक्शन चालवलं, मग आठ. एकाला ३ मिळाले, आठांना मिळून २४ च्या आसपास. वाट अरुंद असती, तर आठांनी ते ३ च वाटून घेतले असते. म्हणजे जागा भरपूर होती, प्रत्येक कनेक्शन स्वतःच ब्रेक लावत होतं.

तिसरं, लिनक्सच्या 'एसएस' कमांडने चालू कनेक्शनची विंडो पाहिली. १०० एमबीपीएस भरायला वाटेवर जवळजवळ १,९०० पॅकेट हवीत. माझी विंडो ५५-६० च्या आसपास घुटमळत होती, आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटचा आकडा वाढतच होता. हा आकडा शून्य असता, तर मी समोरच्या बाजूचा बफर लहान आहे का, ते बघितलं असतं.

चौथी गोष्ट नशिबाने कळली. मावसबहीण घरी आली होती. तिने फोनवरून, त्याच वायफायवर, त्याच सर्व्हरवर क्लिप पाठवली. माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने गेली! मी तर लॅपटॉपला मुद्दाम वायर लावली होती, कारण "वायर म्हणजे भरवशाची". वायफाय हवेत हरवलेलं पॅकेट तिथल्या तिथे पुन्हा पाठवतं, त्यामुळे वरच्या थराला बहुतेकदा कळतही नाही. साध्या नेटवर्क केबलमध्ये तशी सोय नसते.

राउटरच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसमोर 'सीआरसी एरर'चा आकडा सारखा वाढत होता. म्हणजे पॅकेट खराब होऊन पोचत होती आणि टाकून दिली जात होती. टेबल सरकवलं. केबल त्याच्या पायाखाली चेपलेली होती!

मध्ये एकदा मी गूगलने २०१६ मध्ये आणलेली 'बीबीआर' पद्धतही लावून पाहिली. ती प्रत्येक गळतीला गर्दी मानत नाही, वेग आणि पोचेचा वेळ मोजून अंदाज घेते. फाईल भरभर गेली. पण ती पेनकिलर होती. चेपलेली केबल तशीच राहिली असती. दीडशे रुपयांची नवी केबल लावली, बीबीआर काढलं, फाईल अडीच मिनिटांत गेली. प्लॅन पुन्हा १०० वर आणलाय. आणि हो, त्या दादाला फोन करून माफी मागितली. तो हसून म्हणाला, "होतं सर असं."

तुमच्या फोनवर काय कराल?

प्लॅन वाढवण्याआधी तीन गोष्टी करा. काही स्पीड टेस्ट अ‍ॅपमध्ये 'सिंगल' आणि 'मल्टी' कनेक्शन असा पर्याय असतो. दोन्ही करून बघा. मग सर्व्हर बदलून लांबचा निवडा. मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच करा. मल्टी जोरात, सिंगल रडतंय आणि अंतर वाढलं की आणखी रडतंय, तर गळतीचा संशय घ्या. वाट बदलल्यावर सुधारलं, तर दोष बहुधा त्या पहिल्या वाटेवर आहे.

आधी टेबलाखाली बघा, मग कुणावर आवाज चढवा. खरं तर तेव्हाही चढवू नका. भेटू पुढच्या भागात!