रूळ इकडे, विहीर तिकडे

दिवाळीच्या सुटीत नांदेडहून वर्ध्याला जायचे, तर आजही आगगाडीने अकोल्याचा नाही तर आदिलाबादचा वळसा पडतो. तो चुकावा म्हणून २८४ किलोमीटरचा वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८-०९ साली मंजूर झाला. वर्ध्याकडून कळंबपर्यंत गाडी सुरू व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडले. पुढे पुसद, उमरखेड, हदगाव, अर्धापूर असा हा मार्ग नांदेडला टेकायचा आहे.

आपण शहरातली माणसे वेळापत्रक पाहतो. अर्धापूरकडचा केळीवाला शेतकरी मात्र मोजणीचे दगड पाहतो.

त्याचे गाऱ्हाणे पैशाचे, असे आपण चटकन म्हणून मोकळे होतो. पैशाचेही आहेच, का नसावे? पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला गुणक लावून वर तेवढाच दिलासा द्यायचा, अशी तरतूद तरी केली आहे. खरी काळजी असते ती उरलेल्या जमिनीची. रूळ काही बांध पाहून जात नाहीत. ते वावर तिरके कापतात. विहीर राहते एका अंगाला, केळीची बाग दुसऱ्या अंगाला. पाण्याची पाइपलाइन रुळांखालून न्यायची, तर रेल्वेची परवानगी काढायची. ती काढायला कचेरीचे खेटे घालायचे, तोवर बागेने काय करावे?

शिवाय भराव. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरुषभर उंचीचा भराव पडला, की उतारावरून पसरत जाणारे पाणी वरच्या अंगाला अडते. मोरी योग्य जागी असली तर ठीक, नाही तर केळीच्या मुळाशी पाणी साचते. आणि केळीला पाणी कितीही लागत असले, तरी साचलेले सोसत नाही. माणसांसाठी फाटक मागावे, तर नव्या मार्गावर आता बहुधा भुयारी रस्ताच देतात. कागदावर तो उत्तम दिसतो. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी असले, म्हणजे बैलगाडीवाल्याला त्याची खरी ओळख पटते!

पण म्हणून हा माणूस रेल्वेच्या विरुद्ध आहे, असे मुळीच नव्हे. रेल्वेचे मोल मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. लातूरला १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी येत असे. शतक उलटता उलटता तिथे रुंद रूळ आले, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी त्याच रुळांवरून मिरजेची पाण्याची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन तहानलेल्या लातुरात शिरली. त्या उन्हाळ्यात रूळ नकोत असे कोण म्हणाला असता?

मग उपाय काय? तो कायद्यातच आहे, फक्त फार कमी लोकांना ठाऊक असतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे रुळांमुळे तुटलेली वहिवाट जोडणे आणि पाणी पूर्वीइतकेच मोकळे वाहील अशा मोऱ्या बांधणे, हे रेल्वेचे काम आहे. किती आणि कुठे, ते राज्य सरकारने ठरवायचे. पण मार्ग वाहतुकीला खुला होऊन दहा वर्षे लोटली, की जमीनमालकासाठी अशी आणखी कामे करण्याचे बंधन रेल्वेवर राहत नाही. जादा सोय हवी असेल तर पदरचे पैसे मोजावे लागतात.

तेव्हा बोलायचे ते आराखडा कागदावर असतानाच. मोजणी वैशाखात झाली, तर साहेबाला ओहोळाच्या जागी कोरडी वाळू दिसते. नकाशावर रेघ उमटेलच याची खात्री नाही. श्रावणात तिथून बैल उतरत नाहीत, हे त्या शेतकऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून सातबारा, विहिरीची नोंद आणि पावसाळ्यात काढून ठेवलेला ओहोळाचा फोटो, एवढे घेऊन त्याने हरकतीच्या मुदतीत अर्ज द्यावा आणि पोचपावती हातात घेतल्याशिवाय कचेरीबाहेर पडू नये.