डायलिसिसच्या हाताची राखण

डायलिसिस सुरू करण्याआधी नर्स रुग्णाचं वजन करते. मागच्या वेळेपेक्षा दोन किलो वाढलं असेल, तर ते बहुतेक साठलेलं पाणी असतं. साधारण दोन लिटर. घाईनं काढलं तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात. म्हणून सत्र चालू असताना दाब पुन्हा पुन्हा मोजावा लागतो.

मग ती रुग्णाच्या हातावर, बहुधा मनगटाच्या वर, बोटं टेकवते. तिथे फिस्टुला असतो, म्हणजे शस्त्रक्रियेनं शिरेला जोडलेली धमनी. १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. धमनीच्या दाबानं शीर काही आठवड्यांत फुगते, जाड होते आणि मोठ्या सुया वारंवार सोसते. बोटांखाली मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागली, की रक्त वाहतंय. ती थांबली तर गुठळीची शंका. डॉक्टरांना ताबडतोब कळवायचं. रुग्णानं घरीही रोज हात लावून पाहावं. त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, सलाइन लावू नये, रक्त काढू नये, घट्ट बांगड्याही नकोत. लॅबमध्ये तोच हात पुढे केला जातो, हे मला फार खटकतं. रुग्णाला ठामपणे नाही म्हणायला शिकवणं हेही नर्सिंगच.

पथ्यात खरी पंचाईत शहाळ्याची. नातेवाईक प्रेमानं आणतात, पण त्यात पोटॅशियम भरपूर. निकामी मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकू शकत नाहीत आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून बटाट्यासारख्या भाज्याही चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावं.