आपल्या घरांतील विशेष बालके

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शब्बाथची सकाळ होती. अमिदाची मूक प्रार्थना चालू असताना स्त्रियांच्या बाजूला आईजवळ बसलेल्या एका आठ वर्षांच्या मुलाने मोठ्याने आरोळी दिली. सर्वांच्या माना वळल्या. आईने त्याचा हात धरला, त्याला बाहेर नेले, आणि पुढे कित्येक वर्षे ती सिनेगॉगची पायरी चढली नाही. वळलेल्या मानांत प्रस्तुत लेखिकेचीही मान होती. मुलांना शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतलेल्या बाईची ती मान होती, हेही नमूद केलेले बरे.

पूर्वी आपण अशा मुलांना सरसकट ‘मतिमंद’ म्हणत असू. आता शब्द सौम्य झाला आहे, परंतु दार बंद ठेवण्याची सवय अद्याप पुरती गेलेली नाही. कारण उघड आहे. घरात असे मूल असल्याचे कळले तर त्याच्या बहिणीची सोयरीक कशी जमावयाची, ही धास्ती कोकणातून मुंबईस व मुंबईहून दिमोना-अश्दोदपर्यंत आपल्याबरोबर आली. आपला समाज लहान. प्रत्येक घराची माहिती प्रत्येकास असते, आणि म्हणूनच लपविण्याची धडपडही मोठी.

आपण निर्दय आहोत असे नव्हे. मुलासाठी एलियाहू हन्नाबीचा नवस बोलला जातो, मलिद्याला पन्नास माणसे जमतात, पोहे, खोबरे व फळांचे ताट फिरते, सर्वजण मनापासून आमेन म्हणतात. त्या आईला मी पुढे भेटले तेव्हा ती म्हणाली, “बाई, मलिद्याला सगळे आले. पण दुसऱ्या दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचे होते, तेव्हा दोन तास ह्याच्याजवळ बसायला कोणी नव्हते.” यावर मला उत्तर सुचले नाही.

शेमोथच्या चौथ्या अध्यायात मोशे रब्बेनू आपली जीभ जड असल्याची तक्रार करतात. परमेश्वराने त्यांची जीभ हलकी केली नाही; बोलण्यासाठी भाऊ अहरोन सोबतीला दिला. आपण मात्र मूल बरे होण्याची वाट पाहतो, आणि तोपर्यंत सोबत देण्याचे लांबणीवर टाकतो.

आता थोडे व्यवहाराचे. लपविण्याने पैशाचेही नुकसान होते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. अपंग बालकासाठी बितुआह लेउमीकडून जो मासिक भत्ता मिळतो, त्याचा आईवडिलांच्या मिळकतीशी संबंध नाही. पण अर्ज उशिरा केला तर मागील बाकी जास्तीत जास्त १२ महिन्यांचीच मिळते; त्याआधीची वर्षे गेली ती गेली. एका घरी आजीने “मुलगे उशिराच बोलतात” असे म्हणत चार वर्षे घालविली. आजीस दोष देऊ नये. तिच्या काळी विचारावयाचे कोणाला?

१९८८ च्या विशेष शिक्षण कायद्यान्वये ३ ते २१ वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांचे शिक्षण मोफत आहे. मुलाने विशेष शाळेत जावे, विशेष वर्गात बसावे की साहाय्य घेऊन सर्वसाधारण वर्गात शिकावे, हे निवडण्याचा अधिकार २०१८ च्या दुरुस्तीने सामान्यतः आईवडिलांकडे आला. मात्र त्यासाठी समितीपुढे बसून हिब्रूत बोलावे लागते. घरात मराठी बोलणारी आई तेथे गप्प बसते, व समोरच्यांना वाटते की तिला काही म्हणावयाचे नाही. अशा वेळी शेजारच्या खुर्चीवर आपल्यापैकी कोणी हिब्रू जाणणारे बसले तर केवढा फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. या देशातील मोठ्या संस्थांचा आरंभही आईवडिलांनीच केला. १९५१ साली ‘अकीम’ बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी, आणि १९७४ साली ‘अलुत’ स्वमग्न मुलांसाठी. तेही प्रथम एकमेकांच्या घरी बसणारे लोकच असतील, नाही का?

आमच्या वस्तीत गेल्या दोन वर्षांपासून चार स्त्रियांनी शुक्रवारची सकाळ वाटून घेतली आहे. एकजण मुलाजवळ बसते, तोवर आई बाजारहाट व शब्बाथचा स्वयंपाक उरकते. प्रथम मूल रडले, एका बाईंचा चष्माही मोडला. त्या पुढच्या शुक्रवारी चष्मा पर्समध्ये ठेवून आल्या.

तो आरोळी देणारा मुलगा आता मोठा झाला आहे. शब्बाथला तो दाराशी उभा राहून सिद्दूर वाटतो. अधूनमधून अजूनही ओरडतो. हझानसाहेब क्षणभर थांबतात आणि पुढे चालू करतात.

ज्यांच्या घरी अर्ज, समितीचे पत्र किंवा डॉक्टरांचा अहवाल कळला नाही म्हणून पडून आहे, त्यांनी तो घेऊन यावे. दर मंगळवारी सायंकाळी सिनेगॉगशेजारच्या खोलीत मी असते. मुलाला कोणाजवळ ठेवावे हा प्रश्न पडला तर बरोबर आणावे. खोली मोठी आहे, आणि तेथे मोडण्यासारखे फारसे काही नाही.