पांडवलेण्यातलं शून्य

२४० भागिले २० बरोबर १२. हा हिशेब नाशिकच्या पांडवलेण्यात, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर जवळपास एकोणीसशे वर्षं आहे. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापण नाणी दिली. त्यातले २,००० गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू २०, आणि चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकाला १२. लेखातच दिलेले आकडे एकमेकांशी असे चोख जुळतात की वाचणाऱ्याला बरं वाटतं. या लेखात वर्ष ४२ आहे. ते शककालगणनेचं मानलं, तर इ.स. १२०.

येशूला क्रुसावर चढवलं त्याला तेव्हा नव्वदेक वर्षं झाली होती. परंपरा सांगते की येशूचा शिष्य थोमा त्याआधीच भारतात येऊन गेला. दुसरा शिष्य बार्थोलोम्यू तर कल्याणच्या बाजूला, म्हणजे नाशिकपासून १३० किलोमीटरच्या आसपास उतरला, असंही काही अभ्यासक मांडतात. मग व्याजाचा पाव टक्काही न विसरणाऱ्या या भिंतींवर ख्रिस्ती माणसाचा उल्लेख किती वेळा येतो? शून्य.

हे शून्य पुढे करून परंपरा खोटी ठरवायची घाई अनेकांना होते. पण पांडवलेण्यातले लेख म्हणजे शिरगणती नव्हे. ते मुख्यतः बौद्ध संघाला कोणी काय दिलं, याचे लेख आहेत. सतराव्या लेण्यात दात्तामित्रीहून आलेल्या धम्मदेवाच्या मुलाचं, इंद्राग्निदत्त या योनकाचं, म्हणजे यवनाचं, नाव आहे, कारण त्याने लेणं कोरवलं. त्याच वाटेने शंभर योनक नुसते माल घेऊन गेले असतील, तर त्यांची नावं तिथे कशी येणार? देवळातल्या देणगीदारांच्या पाटीवर वर्गणी न देणाऱ्याचं नाव शोधण्यासारखंच ते.

शून्य जोखायची दुसरी रीत म्हणजे शेजाऱ्याचं शून्य पाहणं. पहिल्या दीड-दोनशे वर्षांतलं निर्विवाद ख्रिस्ती बांधकाम रोममध्ये नाही, अँटिओकमध्येही नाही. सीरियातल्या ड्युरा-युरोपोसचं प्रार्थनाघर हे नक्की ओळखता येणारं सर्वांत जुनं, आणि ते इ.स. २३०-२५६ च्या दरम्यानचं. एका सामान्य घराच्या खोल्या जोडून ते केलेलं होतं. घरात जमणारी गरीब, कधी लपून राहणारी मंडळी दगडात फारसं काही ठेवत नाहीत. दगडापुरतं बोलायचं तर नाशिकचं शून्य रोमच्या शून्याहून मोठं नाही.

फरक आहे तो कागदाचा. तिकडे पौलाची पत्रं येशूच्या मृत्यूनंतर अवघ्या वीस-तीस वर्षांत लिहिली गेली. रोमन अधिकारी प्लिनीने ख्रिस्ती लोकांचं काय करायचं, असं सम्राटाला विचारलं ते इ.स. ११२ च्या सुमाराला. इतिहासकार टॅसिटसची नोंद इ.स. ११६ च्या आसपासची. हे दोघेही ख्रिस्ती नव्हते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वेगळं वजन येतं. भारतातल्या थोमाबद्दल पहिली सविस्तर कथा ‘थोमाची कृत्ये’ या सिरियाक ग्रंथात आहे, आणि तो तिसऱ्या शतकातला. बार्थोलोम्यूचा भारताशी संबंध चर्चचा इतिहासकार युसेबियस याने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लिहिला. घटना आणि नोंद यांतलं अंतर तिकडे २० ते ८५ वर्षं, इकडे दीडशेच्या वर. शिवाय त्या काळच्या ग्रीक लेखकांच्या ‘इंडिया’त कधी अरबस्तान येई, कधी इथिओपियाही.

थोमाच्या कथेत गुदनफर नावाचा राजा आहे. तो कल्पित वाटत होता, पण एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंडोफर्नीसची नाणी मिळाली. पुढे तख्त-ए-बाही इथल्या शिलालेखात त्याच्या राजवटीचं २६ वं वर्ष आणि संवत १०३ एकत्र सापडले. हा विक्रम संवत धरला, तर इ.स. ४६. राजा खरा निघाला आणि काळही जमला. अनेकांनी तिथेच ‘पुरावा मिळाला’ म्हणून टाळी वाजवली. पण राजा खरा म्हणून त्याच्याकडे आलेला पाहुणाही खरा ठरत नाही.

दुहेरी साक्ष कशी असते, ते नाशिककरांना दूर जाऊन शोधायला नको. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. सुमारे १३,२५० नाणी, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला, म्हणजे सुमारे ७० टक्के. (ती अभ्यासून प्रसिद्ध केली ती एका पाद्र्याने, रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी.) इकडे पांडवलेण्यात तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातकर्णीची आई गौतमी बलश्री सांगते की मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला. आईचं कौतुक एकटं असतं, तर आपण हातचं राखून वाचलं असतं. पण ते साठ्यातल्या नाण्यांना माहीत नव्हतं आणि नाणी तिला दाखवून कोणी ठसे मारले नव्हते, तरी दोन्ही एकच गोष्ट सांगतात. थोमाच्या बाबतीत अशी दुसरी, स्वतंत्र साक्ष नाही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांबद्दल पहिलं भरवशाचं वाक्य सहाव्या शतकाच्या मध्यावर येतं. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस इ.स. ५५० च्या सुमाराला लिहितो की कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण की दक्षिणेतलं कोल्लम किंवा उडुपीजवळचं कल्याणपूर, यावर वाद आहे. माझा कौल कल्याणला, आणि तो अभिमानापोटी नाही. कॉस्मस बंदरांची यादी देतो तेव्हा सिंधू, ओर्होथा, मग कल्लियाना, सिबोर आणि त्यानंतर मलबारची पाच बंदरं. सिबोर म्हणजे चौल असं बहुतेक मानतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरणाऱ्या यादीत चौलच्या आधी आणि मलबारच्या कितीतरी अलीकडे कोल्लम कसं येईल?

त्यानंतर पुन्हा आकडे हाती लागतात ते १३२१ मध्ये. त्या वर्षी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस पत्रात लिहितो: भडोचात सुमारे ९० जणांना बाप्तिस्मा दिला, नंतर २० हून अधिक, आणि ठाणे-सोपारा दरम्यान ३५. थोड्याच काळात तिथून गेलेला फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पर्शियातल्या चर्चच्या, ख्रिस्ती लोकांची १५ घरं होती, असं सांगतो. मला हा पंधराचा आकडा पटतो. फुशारकी मारायची असती, तर त्याने पंधराशे लिहिली असती. शिवाय ओडोरिकच्या लेखी नेस्टोरियन हे पाखंडी. त्यांची संख्या फुगवून त्याला काय मिळणार?

कॉस्मसचा बिशप आणि ओडोरिकची १५ घरं यांच्यामध्ये पावणेआठशे वर्षांची पोकळी आहे. केरळात अशा पोकळीत इ.स. ८४९ चे कोल्लमचे ताम्रपट आहेत आणि पहलवी अक्षरं कोरलेले क्रूस आहेत. उत्तर कोकणात तसं काही हाताशी नाही. गोव्यात मात्र २००१ मध्ये आगशीला, जुवारी नदीच्या काठी, पहलवी लेख असलेला एक दगडी क्रूस मिळाला. पर्शियाशी नातं सांगणारी क्रुसांची ती जात गोव्यापर्यंत वर आली. तिथून चौल, कल्याण, सोपारा ही त्याच किनाऱ्यावरची पुढची बंदरं. पण जुनं कल्याण आजच्या दाट वस्तीखाली आहे, आणि तिथे पायाचे खड्डे खणतात ते जेसीबीने.