लातूरला पाऊस पडतो

पुण्या-मुंबईत लातूरचं नाव काढलं की ठरलेलं वाक्य कानावर येतं: तिथं पाऊसच पडत नाही, म्हणून तर रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. रेल्वेनं पाणी गेलं हे खरं. सांगितलं जाणारं कारण साफ खोटं आहे.

हवामान खात्याचे आकडे कुणीही पाहावेत. लातूर जिल्ह्याची वार्षिक सरासरी 800 मिमीच्या आसपास आहे. सोलापूर, अहिल्यानगरची साडेपाचशेच्या आगेमागे. आणि ज्या मिरजेहून एप्रिल 2016 मध्ये पाण्याची गाडी निघाली, त्या मिरजेतही लातूरपेक्षा कमीच पाऊस पडतो! मिरजेला पाणी मिळतं ते सह्याद्रीवर कोसळलेल्या पावसाचं, कृष्णा-वारणेनं वाहून आणलेलं. लातूरची मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात. तिच्या खोऱ्यात पाऊस हुकला की धनेगावचं मांजरा धरण रिकामं. 2014 आणि 2015 असा तो लागोपाठ दोनदा हुकला. जमिनीखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांत मुरेल तेवढंच पाणी. बोअर आणखी खोल नेला म्हणून ते वाढत नाही. शेजारच्याचा बोअर तेवढा आटतो.

त्यात ऊस. त्याला वर्षाकाठी 2000 मिमीच्या आसपास पाणी लागतं. आठशेच्या मुलखात वरचं पाणी येणार कुठून? धरणातून, नाहीतर बोअरमधून. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं तुटीच्या खोऱ्यांतल्या उसाबद्दल 1999 मध्येच बजावलं होतं. ‘पाऊसच नाही’ म्हटलं की या पाण्याचा हिशेब कुणी मागत नाही. चीड येते ती याची.

त्या गाडीनं शहराची तहान भागली, हाही अर्धाच समज. पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, पुढे 50 वाघिणींतून 25 लाख. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 3 लाख 82 हजार. भागाकार करा: एका खेपेत माणशी साडेसहा लिटर. त्यात प्यायचं, रांधायचं, भांडी घासायची आणि अंघोळही करायची. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. मग त्याच वर्षीच्या परतीच्या पावसानं मांजरा धरण भरलं. पाऊस न पडणाऱ्या गावात हे कसं घडलं, ते सांगणाऱ्यांनीच सांगावं.

बाकीचे समज थोडक्यात.

लातूरला रेल्वे 2008 च्या सुमारास आली म्हणतात. तेव्हा झालं ते रुंदीकरण. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1911 मध्येच लातुरात पोहोचली होती.

शहर बारमाही रखरखीत असतं, हेही खरं नाही. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवरच्या या पठारावर डिसेंबरात स्वेटर लागतो.

शिकवणी वर्गांपलीकडे लातूरला इतिहास नाही, असं म्हणणाऱ्यांनी राष्ट्रकूटांचे लेख पाहावेत. ‘लत्तलूर’ नगरीचे अधिपती अशी बिरुदं त्यांत आहेत आणि बहुतेक अभ्यासक ती नगरी लातूरच मानतात.

आणि 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप ‘लातूरचा’ म्हणून नोंदला गेला, तरी त्यानं उद्ध्वस्त केलं ते शहर नव्हे. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झोपेत गाडली गेली ती औसा तालुक्यातलं किल्लारी आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर यांसारखी गावं. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदांची वजनदार छपरं माणसांच्या अंगावर आली.