हवामानाचे जागतिक करार : आपला संबंध काय?



कालव्याची पाळी कशी चालते, हे तुम्हांस सांगावयास नको. वरच्या अंगाचा गडी रात्री दार उघडं टाकतो आणि टेलचा ऊस वाळतो. पण तिथे निदान पाटकरी असतो, तक्रार करता येते. हवेचे तसे नाही. कोळसा-पेट्रोल जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोणत्याही देशातला असो, तो साऱ्या पृथ्वीभोवती पसरतो. एकट्या देशाने काटकसर केली तर खर्च सगळा त्याचा आणि फायदा मात्र सर्वांत वाटला जाणार. मग पहिला कोण थांबणार? करार लागतो तो यासाठी.

“सह्या केल्यानं कधी ऊन कमी झालंय होय?” असे कुणी विचारील. शंका रास्त आहे. पण एक करार चालला आहे, तो पाहावा.

दक्षिण ध्रुवावर ओझोनचा थर विरळ होत असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखविले. दोष फ्रीज व फवाऱ्याच्या डब्यांतील सीएफसी वायूंचा होता. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे करार झाला. त्याची बांधणी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. कोणता वायू कोणत्या सालापर्यंत बंद करायचा, हे ठरले. गरीब देशांना दहा वर्षांची जादा मुदत मिळाली आणि १९९० साली यंत्रे बदलण्यासाठी निधीही ठरला. बाहेर राहणाऱ्याशी या मालाचा व्यापार बंद! भारत १९९२ साली आत आला. पुढे जगातील सर्व देश आले आणि असे सुमारे ९९ टक्के पदार्थ बंद झाले. हेच वायू उष्णताही जबर धरून ठेवत, त्यामुळे ओझोनसाठी केलेल्या कराराने तापमानवाढीलाही मोठा लगाम घातला.

मग कार्बनबाबत असेच का जमले नाही? सीएफसी बनविणारे कारखाने मोजके होते. कोळसा आणि तेल मात्र वीज, सिमेंट, खत, ट्रॅक्टर, सगळ्यांतच! १९९७ च्या क्योटो करारात फक्त श्रीमंत देशांवर बंधन होते. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी दिलीच नाही. कॅनडाने २०११ साली बाहेर पडत असल्याचे सांगितले. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देश आपला आकडा आपणच सांगतो आणि दर पाच वर्षांनी तो वाढवून द्यावयाचा असतो. दंड नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने यातूनही बाहेर पडण्याचा आदेश काढला. तिथे माणशी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्याकडे सुमारे २ टन. राग येणे साहजिक आहे.

तरीही आकडा बोलतो. पॅरिसच्या वेळी या शतकाअखेर ३ ते ३.५ अंश तापमानवाढीचा अंदाज होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालानुसार चालू धोरणांनी तो सुमारे २.८ अंशांवर आला आहे. ठरलेल्या दीड अंशापासून हे फार दूर आहे. पण अर्धा अंश म्हणजे उन्हाळ्यात थोडीथोडकी बाब नव्हे.

आता आपला भाग. क्योटो करारात अशी सोय होती की, गरीब देशात कार्बन वाचला तर त्याचे प्रमाणपत्र श्रीमंत देशाने विकत घ्यावे. बगॅसपासून वीज करणाऱ्या भारतातील अनेक साखर कारखान्यांनी या योजनेत नोंदणी केली होती. २०१२ च्या सुमारास प्रमाणपत्रांचे भाव कोसळले आणि तो पैसा आटला. पॅरिस करारातील नव्या बाजाराचे नियम २०२४ साली बाकू येथील परिषदेत ठरले. उद्या कुणी “कार्बनचे पैसे मिळवून देतो” असे सांगत दारात आला, तर प्रथम विचारावे : मोजणी कोण करणार, किती वर्षांचा बांधा आहे, आणि भाव पडला तर कोणाचा तोटा?