पाताळातील यंत्रराज्य

हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट आपल्या घराघरांतून मुलांना सांगितली जाते. ते बुटके सकाळी कुदळी खांद्यावर टाकून खाणीत जातात आणि तिन्हीसांजेला परततात, एवढे आपल्याला ठाऊक असते. उत्तर युरोपातील पुराणकथांत हे बुटके भूगर्भातील थोर कारागीर म्हणून प्रसिद्ध आहेत. थॉर देवाचा हातोडा आणि ओडिन देवाचा भाला त्यांच्याच हातून घडला. परंतु या कारागिरांचे राज्य कसे चाले, त्यांच्यांत न्यायनिवाडा कोण करी, भाता बिघडला तर दाद कोणाकडे मागावी, याविषयी त्या कथा फारसे बोलत नाहीत. आपल्याकडे भूमीखालच्या राज्याचा विषय निघाला की बळीराजा आठवतो. वामनाने त्याला सुतलात धाडले, तरी दिवाळीच्या पाडव्याला आपण त्याच्याच राज्याची इच्छा करतो. कारण त्या राज्याला राजा होता आणि राजाला कान होते.

यंत्रांच्या बळावर जमिनीखाली उभ्या राहिलेल्या राज्याचा कारभार कसा असेल, याचा विचार काही इंग्रजी कथाकारांनी मनःपूर्वक केला. त्यांतील दोन कथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली 1871 सालची ‘द कमिंग रेस’. तिचे लेखक एडवर्ड बुलवर-लिटन. त्यांचेच चिरंजीव पुढे 1876 ते 1880 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. या कादंबरीत एक प्रवासी खाणीतून खाली उतरतो आणि ‘व्ह्रिल’ नावाच्या अद्भुत शक्तीवर चालणाऱ्या एका प्रगत समाजात जाऊन पोहोचतो. तेथे घरकाम कळसूत्री बाहुले करतात. राज्याचा प्रमुख एकच, त्याला ‘टूर’ म्हणतात. पण त्या पदाला ना डामडौल, ना अधिक प्राप्ती. म्हणून त्याचा कोणाला लोभ नाही. पोलीस आणि तुरुंग यांचीही तेथे गरज उरलेली नाही. ही शांतता मात्र निव्वळ सद्‌गुणातून आलेली नाही. एखादे बालकही नगर भस्मसात करू शकेल अशी शक्ती त्यांच्या हाती आहे. त्यामुळे भांडणच कोणाला परवडत नाही. सारांश, लिटनच्या पाताळात राज्य चालते ते परस्परांच्या धाकावर.

दुसरी कथा ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’. ही 1909 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात जवळजवळ अवघी मानवजात भूगर्भात राहावयास गेली आहे. प्रत्येकाला मधमाशीच्या पोळ्यातल्या घरासारखी षट्कोनी खोली आहे. बटण दाबताच अन्न, ऊब, संगीत, स्नानाचे पाणी सारे हजर होते. दूरच्या माणसाचा चेहरा दाखविणारी एक तबकडीही आहे. या राज्यात ‘मध्यवर्ती समिती’ नावाची संस्था आहे खरी. परंतु ती निर्णय जाहीर करते, घेत नाही. निर्णय यंत्राच्या ओघानेच होत जातात. नियमांचा एक ग्रंथ प्रत्येक खोलीत असतो. मूल जन्मले की आईबापांची कर्तव्ये संपतात, असे तो सांगतो. धट्टीकट्टी अर्भके जगू दिली जात नाहीत, कारण हातपाय हलविण्याची ओढ असणाऱ्याला त्या राज्यात सुख लाभणार नाही. सर्वांत कठोर शिक्षा म्हणजे ‘बेघर’ करणे, अर्थात उघड्या भूपृष्ठावर सोडून देणे.

कथेची नायिका वाश्ती ही एक विदुषी. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात राहतो. तो तबकडीवरून तिला विनवितो, की यंत्रातून नको, तू समक्ष मला भेट. ती नाराजीने निघते. विमानातून खाली हिमालय दिसत असता ती पडदा ओढून घेते. येथे मला काही कल्पना सुचत नाहीत, अशी तिची तक्रार असते!

पुढे यंत्र बिघडू लागते. संगीतात मधूनच उसासे ऐकू येतात. वाश्ती दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. तक्रार यथाक्रम पुढे पाठविली जाईल, असे उत्तर मिळते. आणखी कोणी तक्रार केली आहे काय, असे ती विचारते. तेव्हा हा प्रश्न यंत्राच्या रीतीस धरून नाही असे म्हणून समिती उत्तर नाकारते. हळूहळू लोकांना त्या उसाशांची सवय होते. मग फळांना बुरशी येते, स्नानाच्या पाण्याला दुर्गंधी सुटते; त्याचीही सवय होते. अखेर कळते की दुरुस्ती करणारे यंत्रच नादुरुस्त झाले आहे. प्रत्येकाला आपापल्या पुरते काम ठाऊक. संपूर्ण यंत्र जाणणारा मात्र कोणीच उरलेला नाही. एके दिवशी दिवे मंदावतात आणि सारे थांबते. मायलेक अंधारात, प्रथमच एकमेकांना मायेने स्पर्श करीत, प्राण सोडतात.

आमच्या मते या कथेचे मर्म दुरुस्ती समितीच्या त्या दोन उत्तरांत आहे. ते राज्य जुलूम करून बुडाले नाही; त्याच्याजवळ ऐकणारा माणूस उरला नाही म्हणून बुडाले.

या फॉर्स्टर साहेबांचा आपल्या माळव्याशी निकटचा संबंध आला, हे अनेकांना ठाऊक नसेल. इंदूरजवळच्या देवास गावी पवारांच्या दोन गाद्या होत्या. एक थोरली पाती, एक धाकटी. एकाच गावात दोन दरबार! कथा लिहून बारा वर्षे झाल्यावर, 1921 साली, फॉर्स्टर थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे राहिले. बागा, मोटारी आणि वीजघर यांची देखरेख त्यांच्याकडे होती. यंत्रराज्याच्या अंताची कथा लिहिणाऱ्याच्या वाट्याला खऱ्याखुऱ्या संस्थानातील यंत्रांची निगा यावी, हा योग मोठा मौजेचा. त्या दिवसांची हकीगत त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ या 1953 सालच्या पुस्तकात लिहिली. तेथील कारभारात त्यांना गोंधळ पुष्कळ दिसला. परंतु महाराजांविषयीचा त्यांचा जिव्हाळा अखेरपर्यंत टिकला. गोकुळाष्टमीच्या उत्सवात कृष्णापुढे देहभान विसरून नाचणारा तो राजा त्यांना मनापासून आवडला.

म्हणून संस्थानी राज्य चांगले आणि यंत्राचे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या जिव्हाळ्याने जमाखर्च जुळला नाही. संस्थान आर्थिक संकटात सापडले, महाराज पाँडेचेरीस निघून गेले आणि 1937 साली तेथेच निवर्तले. माणसाचे कान हवेत, तशीच नीट ठेवलेली वहीही हवी.

आज आपण पाताळात राहत नाही. तथापि दूरध्वनीवर गाऱ्हाणे सांगावयास जावे, तर ध्वनिमुद्रित आवाज अमुक आकडा दाबा म्हणतो. भाषा निवडा म्हणतो, आणि आपल्या प्रांताबाहेर राहणाऱ्यांना त्या यादीत मराठी बहुधा सापडत नाही. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, आणि तो शिधा न घेताच माघारी वळतो. ‘यंत्र घेत नाही’ हे वाक्य आता उत्तर म्हणून चालते, आणि आपल्याला त्याची सवय होऊ लागली आहे. भीती वाटते ती या सवयीची.

यंत्रे टाकून देण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. परदेशी असलेल्या लेकराचा चेहरा पडद्यावर दिसला म्हणजे आईचा दिवस गोड होतो, हे आम्ही जाणतो. मात्र प्रत्येक यंत्रामागे त्याची दुरुस्ती जाणणारा आणि गाऱ्हाणे ऐकणारा एक माणूस असावा, हा आग्रह नागरिकांनी सोडू नये. अंगठा न उमटलेल्या म्हाताऱ्याबरोबर शेजारच्या तरुणाने कचेरीपर्यंत जावे आणि तक्रार लेखी नोंदवून पोच घ्यावी. आणि दूरच्या मुलांनी पडद्यावरच्या भेटीवर समाधान न मानता, वर्षातून एकदा तरी घरचा उंबरा ओलांडावा.